हातांची हजेरी

४ ऑगस्ट

भिंगरे,

प्रिय वगैरे काही लिहिणार नाही. शेजारच्या खाटेवर मैत्रीण तापाने फणफणलेली असताना जी मुलगी तिला न उठवता, न सांगता बॅग भरून वडिलांबरोबर घरी निघून जाते, तिला मी प्रिय म्हणत नाही. मी जागी झाले तेव्हा तुझ्या खाटेवर नुसती गादी होती. उशीसुद्धा नेलीस. घरी उशा नाहीत का तुझ्या?

तुझ्या घरी फोन केला तर काकूंनी उचलला. म्हणाल्या, "तिचा फोन डॉक्टरांनी काढून घ्यायला सांगितलाय, बाळा. आणि ती सध्या कुणाशी बोलत नाही."

"माझ्याशी पण नाही?"

"कुणाशीच नको म्हणाली."

म्हणून हे पत्र. पत्र काढून घ्यायला अजून कुठल्या डॉक्टरांनी सांगितलेलं नसावं.

झालं काय ते मला दुसऱ्यांकडून कळलं, ह्याचा राग जास्त आहे. गेल्या सोमवारी मी खोलीत पडून होते आणि नेमका त्याच दिवशी तुझा हात हजेरीत थरथरला. सरांची ही हजेरी मला पहिल्या वर्षापासून डोक्यात जाते, तुला माहीत आहे. जगात इतर ठिकाणी मुलं 'हजर' म्हणतात. आपण मात्र चिमट्याच्या टोकावर केसाएवढी स्प्रिंग धरून हात पुढे करायचा, आणि ती हलते का ते सगळ्या वर्गाने डोळ्याला भिंग लावून बघायचं. घड्याळं दुरुस्त करायला शिकतोय की एकमेकांचे हात तपासायला, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा सर म्हणाले होते, "हात हाच तुमचा दाखला. कंपनीची माणसं नोकरीच्या निवडीला येतील ती तोंडं बघायला येणार नाहीत."

तर तुझी स्प्रिंग हलली, मग हात हलला, मग तो थांबेचना, आणि तू चिमटा टाकून रडत बाहेर गेलीस. असं चिमणी सांगते. तिचं बोलणं तुला ठाऊक आहे, मिनिटाला दहा शब्द जास्तच. तीच असंही सांगते की तू तुझ्या थरथरत्या हाताचा व्हिडिओ तिला पाठवला होतास. त्या सोमवारच्याही आधी. "असं होतंय बघ" म्हणून.

तिला! तीन वर्षं खोली माझ्याबरोबर, साबण माझा, कंगवा माझा, आणि हात थरथरला की व्हिडिओ चिमणीला. मला काही पोटात दुखत नाही. मी फक्त विचारतेय.

ताज्या बातमीत एवढंच की काल चिमणीचा हात थरथरायला लागला. नाटकी मेली.

ठोकळा
(तूच ठेवलेलं नाव. अजून वापरतेय, बघ.)

१२ ऑगस्ट

भिंगरे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी काही उत्तरासाठी लिहीत नाही.

इथे मजा सुरू आहे. चिमणीच्या मागोमाग लांब्या, मग लांब्याच्या शेजारची ती चष्मेवाली, मग तुझ्याबरोबर रोज बॅडमिंटन खेळणाऱ्या दोघी. अर्धा वर्ग थरथरतोय. तुझा व्हिडिओ चिमणीने "कुणाला काही उपाय माहीत आहे का" म्हणत वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे तोच पुन्हा पुन्हा बघत बसले, आणि मग आपापला हात पुढे धरून, "माझा पण हलतोय का रे?" कुणाचा हलत नाही? कुणीही स्वतःच्या हाताकडे टक लावून बघितलं की तो हलतोच. मी बघितला नाही व्हिडिओ. मला तू पाठवलेला नव्हतास, आणि दुसऱ्याला आलेलं डोकावून बघायची मला सवय नाही.

आधी सगळे म्हणाले, घड्याळांचं तेल बदललं त्याचा वास लागला. खिडक्या उघडल्या. मग पाणी तपासलं. मग रक्तं तपासली. काही निघालं नाही. घरून फोनावर फोन. लांब्याचे वडील आले आणि सरांना वाटेल ते बोलून गेले.

रेक्टर बाईंनी खालची मोठी खोली आजारी मुलांना दिली आहे. तिथे म्हणे विश्रांती. मी परवा कपडे वाळत घालायला गेले तेव्हा खिडकीतून बघितलं. सगळे एका खाटेवर दाटीवाटीने बसलेले, कपातला चहा सांडतोय आणि हसतायत. चिमणी मधोमध. तुझा स्वेटर तिच्या अंगावर होता. तो निळा. तो तू मला थंडीत देणार होतीस.

आणि मी? वर कार्यशाळेत, रिकाम्या बाकांमध्ये, सरांबरोबर. सर माझ्यावर इतके खूश आहेत की सांगता सोय नाही. "बघा, हिचा हात बघा," असं भिंतीला सांगतात, कारण बघायला दुसरं कुणी नाही. खसखशीएवढा स्क्रू मी पहिल्या झटक्यात बसवते. मनगटी घड्याळाचं झुलतं चाक लावलं आणि ते एका फुंकरीत चालू झालं. सर टाळी वाजवायचे तेवढे राहिले. मला त्या क्षणी ते घड्याळ खिडकीतून खाली चिमणीच्या डोक्यात टाकावंसं वाटलं.

ठोकळा

२१ ऑगस्ट

भिंगरे,

आज मी जेवले नाही, आणि त्याला कारण तू आहेस, हे आधीच सांगते.

शहरातून एक डॉक्टर बाई आल्या आहेत. गोळ्या-इंजेक्शनवाल्या नाहीत, बोलून बरं करणाऱ्या. साध्या आहेत, चपला दाराबाहेर काढून आत येतात. त्या एकेकाला बोलावून विचारत होत्या, जेवायला कुणाबरोबर बसतोस, मनातलं कुणाला सांगतेस, सुट्टीत कुणाकडे जातेस. मला कुणी बोलावलं नाही. मी चांगली आहे ना! चांगल्या माणसाला कोण विचारतो?

शेवटी मीच गेले. म्हटलं, "ही सगळी सोंगं आहेत, बाई. निवड जवळ आली म्हणून."

त्या म्हणाल्या, "सोंग नाही ग. निवडीची भीती सगळ्यांनाच आहे. एकीच्या हातात ती दिसली. मग ज्यांना तिची काळजी वाटली, त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. रोज सकाळी हात बघायची तुमच्याकडे पद्धतच आहे. मग तो बिघडायला कितीसा वेळ लागतो?"

"पण माझा नाही बिघडला."

"हो, ते लक्षात आलं माझ्या." त्या हसल्या. चांगल्या मनाने हसल्या, म्हणून जास्त लागलं. "अशा गोष्टी बहुतेक करून जवळच्या माणसांमध्ये पसरतात. तुझं तिच्याशी फारसं नसावं."

मी म्हटलं, "आम्ही एका खोलीत राहतो. पहिल्या वर्षापासून."

"खोली वेगळी ग, जवळीक वेगळी."

भिंगरे, मी उठलेच. जिना चढून वर आले आणि तुझ्या रिकाम्या गादीवर बसले. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तुझे केस कोण विंचरतं? तुझे बाबा रागावले की तुझ्याऐवजी त्यांच्याशी फोनवर कोण बोलतं? लांब्या तुला आवडतो हे कुणाला माहीत आहे, आणि तीन आठवड्यांत तुझा विचार बदलला हेही कुणाला माहीत आहे? पण लांब्याचा हात थरथरतो आणि माझा नाही. म्हणजे लांब्या जवळचा. चष्मेवाली जवळची, जिला तू पेन्सिलसुद्धा उसनी देत नाहीस. तुझ्या जिवाभावाच्या माणसांची रांग लागली आहे खालच्या खोलीत, आणि त्या रांगेत मी शेवटची पण नाही.

वर कडी म्हणजे आज संध्याकाळी चिमणीला तुझं पत्र आलं. होय, मला कळलं. तिने ते जेवणघरात सगळ्यांसमोर उघडलं. वाचताना तिचा हात असा थरथरत होता की कागदाचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. मी "काय म्हणते ग?" असं विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "तुझी पण चौकशी केलीय." चौकशी! लांबच्या मावशीची करतात ती.

हो, जळतेय मी. लिहून टाकलं, जा. तुझ्या आजारावर जळतेय. आहे का असं कुणी जगात?

ठोकळा

३० ऑगस्ट

भिंगरे,

तुला सांगायलाच हवं म्हणून सांगते. माझाही हात थरथरतो.

मंगळवारपासून. कार्यशाळेत सर शेजारी उभे होते, मी चिमट्यात एक छोटं चाक धरलं होतं आणि हात सुरू झाला. चाक पडलं, घरंगळत बाकाखाली गेलं. सर गुडघ्यांवर बसून ते शोधायला लागले. त्यांचा चेहरा मी बघितला नाही, मुद्दामच बघितला नाही. ते खालूनच म्हणाले, "तू पण?" बस, एवढंच. मग मला स्वतः खाली सोडायला आले. जिन्यात त्यांनी माझं कोपर धरलं होतं. मी काय म्हातारी आहे?

खालच्या खोलीत सगळ्यांनी जागा करून दिली. चिमणीने मला मिठीच मारली. म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुला पण होणार. तुम्ही दोघी तर..." आणि रडायला लागली. दोघी तर काय, ते तिने पुरं केलं नाही. मी दोनतीनदा विचारलं.

डॉक्टर बाईंनी माझा हात हातात घेऊन बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं." मला वाटलं होतं त्या काहीतरी जास्त बोलतील. निदान आपलं म्हणणं चुकलं म्हणतील.

माझा उजवा हात थरथरतो. सकाळी जास्त थरथरतो. काल जेवताना थांबला होता, तेव्हा चष्मेवालीने विचारलं, "तुझा जेवताना बरा थांबतो?" मग पुन्हा सुरू झाला. सगळ्यांचं वेगवेगळं असतं, असं डॉक्टर बाईच सांगतात.

एक मात्र आहे. चिमणीबद्दल मी लिहिलेलं नाटकी वगैरे मागे घेते. तिच्या वडिलांचं घड्याळांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं, आणि ती एकटीच मुलगी. तिला वाटतं की आता घरी जाऊन काय तोंड दाखवू. आंघोळीच्या वेळी ती नळ मोठा सोडून आत रडते. बाहेर येते तेव्हा तिचा हात असा हलत असतो की तिला केसांना चाप लावता येत नाही. मी लावून देते. सरळ लागतो चाप, तेव्हा जरा लाज वाटते.

आता तरी उत्तर लिही. आता मी पण रांगेत आहे.

ठोकळा

९ सप्टेंबर

भिंगरे,

आज थोडक्यात लिहिते. पेन वाईट आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

बातम्या चांगल्या आहेत. डॉक्टर बाईंनी हजेरी बंद करायला लावली. सर आधी ऐकेनात, मग त्यांनी स्वतःच चिमटे आत ठेवून दिले आणि आम्हाला म्हणाले, "उद्यापासून आपापली नावं सांगा." नावं सांगताना सगळ्यांना हसू आलं. व्हिडिओ ज्याच्या त्याच्या फोनमधून काढून टाकला. खालची खोली बंद केली. दोघादोघांना वर पाठवतात, वेगवेगळ्या वेळी. कुणी कुणाकडे बघायचं नाही, हाताचं नाव काढायचं नाही, बारीक काम जमलं तर करायचं, नाही जमलं तर घड्याळं पुसायची. लांब्या बरा झाला. चष्मेवाली बरी झाली. चिमणीने काल एक अख्खं घड्याळ खोलून पुन्हा बांधलं आणि सरांनी ते कानाला लावलं. तिच्या वडिलांना तिने फोन केला तेव्हा इतकी किंचाळली की रेक्टर बाई धावत आल्या.

मी ठीक आहे. सरांनी मला सध्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांचं काम दिलं आहे. बदल म्हणून. त्यातले स्क्रू चांगले बोटाएवढे असतात. डॉक्टर बाई मला रोज बोलावतात, बहुतेक मी त्यांना आवडते.

कंपनीची माणसं पुढच्या महिन्यात यायची आहेत. सर मला म्हणाले, "घाई नाही, पुढच्या खेपेलाही येतील ती." मी म्हटलं, बरं.

तुझं कसं आहे? हाताचं विचारत नाही, आता तशी पद्धत नाही. तुझं विचारतेय.

ठोकळा

१७ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं पत्र काल आलं. माझ्या नावाचं. मी ते जेवणघरात उघडलं नाही, खोलीत येऊन, दार लावून, तुझ्या गादीवर बसून वाचलं. इतक्या वेळा वाचलं की आता न बघता म्हणून दाखवीन.

तू लिहितेस, तुझा हात उन्हाळ्यापासूनच थरथरत होता. निवडीचा विचार आला की सुरू व्हायचा, आणि मी शेजारी येऊन बसले की थांबायचा. हजेरीत मी शेजारी उभी असायचे म्हणून रोज निभावत होतं. त्या सोमवारी माझी जागा रिकामी बघितलीस आणि संपलं सगळं. चिमणीला व्हिडिओ पाठवलास तो तिच्या वडिलांच्या दुकानात कुणाला असं कधी झालं होतं का हे विचारायला. आणि मला का नाही सांगितलंस, तर, तुझेच शब्द लिहिते: "तुला सांगितलं असतं तर तू माझ्या हाताकडे बघायला लागली असतीस. मग तो तुझ्या शेजारीही थांबला नसता. माझ्याकडे तेवढीच एक जागा होती ग."

अग, सांगायचं होतंस ना! नाही, नव्हतंच सांगायचं. तुझं बरोबर आहे. मी बघितलंच असतं. मी टक लावून बघत बसले असते.

आणि पुढे तू लिहितेस, ३० तारखेचं पत्र वाचून पोट धरून हसलीस. "ठोकळ्याचा हात थरथरणार? जेवताना थांबतो म्हणे! सोंगाडी कुठली." काकूंनाही वाचून दाखवलंस. डॉक्टर म्हणतात परत जाऊन बघ, बाबा म्हणतात नको, मामाच्या ऑफिसात टेबलामागे बस, तिथे हाताचं काही काम नाही. आणि तू बाबांना सांगितलंस, ठोकळ्याशेजारची जागा मिळत असेल तर जाते, नाहीतर मामाचं ऑफिस बरं. रविवारी निघायचं की नाही ते माझ्या उत्तरावर आहे.

भिंगरे, ह्यापुढचं नीट वाच. अक्षर नीट नाही, ते तुला दिसतंच आहे. चिमणी म्हणाली, "तू सांग, मी लिहिते." तुला माझं पत्र चिमणीच्या अक्षरात? मेले तरी नाही. म्हणून सकाळपासून हेच करतेय, डाव्या हाताने उजवा धरून.

सोंगच होतं ते. तू बरोबर ओळखलंस. त्या मंगळवारी मी ठरवून हात हलवला, कारण डॉक्टर बाईंनी मला तुझी कुणी नाही म्हटलं होतं आणि ते मला सहन झालं नाही. चार दिवस मी तो हलवत होते. मग एका दुपारी कार्यशाळेत कुणी नव्हतं. म्हटलं, गंमत म्हणून एक स्क्रू बसवून बघू. बसला नाही. मी हात हलवत नव्हते, भिंगरे. तो आपण होऊन हलत होता. मी त्याच्याकडे बघत बसले आणि तो आणखी हलला. सगळे बरे होऊन वर गेले, मी अजून भिंतीवरची घड्याळं करतेय. डॉक्टर बाई म्हणतात जाईल, वेळ लागेल. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

आता तू ज्या हातासाठी येणार तो हात इथे नाही. मी काल संध्याकाळभर विचार केला की हे तुला सांगायचंच नाही. 'ये' एवढंच लिहायचं. तू आली असतीस, माझ्याशेजारी बसली असतीस, आणि मी माझा हात बाकाखाली लपवला असता. दुसऱ्या दिवशी तुला दिसला असता. मग तुझ्याकडे ती एक जागाही राहिली नसती. म्हणून 'ये' लिहून ते पत्र फाडलं.

तरी ये. मामाचं ऑफिस नको. तू टेबलामागे बसलीस तर आठ दिवसांत टेबल मोडशील. माझं नीट ऐक. इथे आता सगळ्यात स्थिर हात चिमणीचा आहे. हे लिहिताना माझ्या अंगाची लाहीलाही होतेय, पण तो आहे, मी शेजारी उभी राहून बघितलाय. ती बडबड करते, पण कामाला बसली की तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. तिच्या शेजारचा बाक मी सरांकडून तुझ्यासाठी मागून घेतलाय. सर म्हणाले, "तो तर तुझा बाक." मी म्हटलं, मला उजेड जास्त लागतो, मी खिडकीपाशी बसते. त्यांनी मला काही विचारलं नाही. चिमणीला सगळं सांगितलंय. ती रडली, ते सोड. तिने कबूल केलंय की तुझ्या हाताकडे बघणार नाही.

तू पण एक कबूल कर. कामाच्या वेळी माझ्याकडे वळून बघायचं नाही. अजिबात नाही. मी मागेच असेन, पण बघायचं नाही.

जेवायला मात्र माझ्याच शेजारी बसायचं. तसं चिमणीला सांगून ठेवलंय.

उशी घेऊन ये.

ठोकळा